जन्मदरातला 'दर' आणि दर हजारीतला 'दर'

गोव्यातल्या डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा आठवीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. भूगोलाचा धडा मात्र त्या घरी मराठीतून समजावून देतात. सध्या लोकसंख्येचा धडा चालू आहे. त्या लिहितात, "जन्मदर, वाढीचा दर, दर हजारी, दर चौरस किलोमीटर, जिकडेतिकडे 'दर'. मुलगा म्हणतो, मग घनतेला 'घनतादर' का म्हणत नाहीत? शिवाय 'दर हजारी जन्मदर' म्हटलं की 'दर' दोनदा येतो. ही द्विरुक्ती नव्हे का?"

द्विरुक्ती नव्हे. ते दोन निराळे शब्द आहेत. दोन्ही फारसीकडून आले आणि मराठीत दिसायला सारखे झाले, एवढंच. 'जन्मदर'मधला दर हे पुल्लिंगी नाम आहे: दर वाढला, दराने, दरात. 'दर हजारी'मधला दर 'प्रत्येक' या अर्थाचा. त्याला विभक्ती लागत नाही, लिंगवचनाचं त्याला सोयरसुतक नाही. दररोज, दरसाल, दरमहा, दरडोई ही त्याची भावंडं. शंका आली की प्रत्यय लावून बघावा. 'जन्मदराने' चालतं, 'दराने हजारी' चालत नाही. म्हणून 'दर हजारी जन्मदर' शुद्धच आहे. खरी पुनरुक्ती 'दर हजारांमागे' यात आहे, कारण 'दर' आणि 'मागे' एकच काम करतात. सरकारी मराठीत ती सर्रास दिसते. मी स्वतः 'हजारांमागे' लिहितो.

आता 'घनतादर' का नाही. मराठीत हे नाम मुख्यतः दोन ठिकाणी वावरतं. एक बाजारात, किमतीसाठी. दुसरं, ठरावीक काळात किती घडलं हे सांगायला: व्याजदर, जन्मदर, मृत्युदर, वाढीचा दर. जन्मदर म्हणजे एका वर्षात हजार लोकांमागे किती जिवंत जन्म झाले. 'एका वर्षात' हे शब्द आपण उच्चारत नाही, पण ते गृहीत असतात. घनतेत काळ नाही. जनगणनेच्या दिवशी किती माणसं होती आणि जमीन किती, एवढाच तिथे हिशेब; काही घडावं लागत नाही. म्हणून घनतेच्या व्याख्येत 'दर चौरस किलोमीटर' हा प्रत्येकवाला दर येतो, पण तिच्या नावाला नामवाला दर चिकटत नाही. 'साक्षरता दर' या नियमात बसत नाही, कारण त्यातही काळ नाही. पण तो शब्द रुळला आहे. मला 'साक्षरतेचं प्रमाण' बरं वाटतं. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल ते लिहावं.

ताईंच्या मुलाला या धड्यात खरा उपयोग होईल तो प्रत्येकवाल्या दराचा. म्हापशाच्या बाजारात बांगड्याचा दर दोनशे एवढंच कळून भागत नाही, वाट्याला की किलोला हे विचारावंच लागतं. लोकसंख्येच्या प्रत्येक आकड्याला तसंच विचारायचं: कशामागे?

गोव्याचेच आकडे घेऊ. २०२१ची जनगणना लांबल्यामुळे अजून २०११चेच आकडे वापरावे लागतात. तेव्हा गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. भागाकार केला की घनता ३९४ येते. देशाची तेव्हा ३८२ होती, म्हणजे गोवा सरासरीच्या आसपासच. पण ३९४ हा आकडा गोव्यातल्या कुठल्याच गावाचा नव्हे. उत्तर गोव्यात तो ४७१ होतो, दक्षिणेत ३२६. वास्कोचं बंदर असलेला मुरगाव तालुका गच्च भरलेला. सांगेत सह्याद्रीचे डोंगर, अभयारण्य आणि साळावलीचं धरण, तिथे मैलोगणती वस्ती नाही. माणसं कुठे जास्त, कुठे कमी आणि का, याला 'वितरण' म्हणतात. घनता एका आकड्यात मावते, वितरण दाखवायला नकाशाच लागतो. मुलं या दोहोंची सरमिसळ करतात ती इथे. जाता जाता: लोकसंख्या मोठी किंवा लहान असते, दाट किंवा विरळ असते ती लोकवस्ती. 'दाट लोकसंख्या' कानाला खटकतं.

'कशामागे' या प्रश्नाची खरी गंमत 'हजारांमागे'मध्ये आहे. हजार तोच, पण माणसं दर वेळी निराळी. जन्मदरातल्या हजारांत सगळे येतात: म्हातारे, तान्ही मुलं, पुरुष. म्हणून त्याला 'स्थूल जन्मदर' म्हणतात. अर्भक मृत्युदरातले हजार म्हणजे त्या वर्षी जिवंत जन्मलेली हजार बाळं, आणि त्यांच्यामागे मोजायचे ते वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू. मृत्युदर आणि अर्भक मृत्युदर शेजारीशेजारी छापलेले असतात, म्हणून मुलं दोन्ही आकड्यांची थेट तुलना करतात. ती चूक आहे. लिंग गुणोत्तरातले हजार फक्त पुरुष, आणि त्यांच्यामागे मोजायच्या त्या स्त्रिया. साक्षरतेचा आकडा तर शेकड्यात, आणि त्या शंभरात सात वर्षांखालचं मूल धरतच नाहीत. गोव्याची ८८.७ टक्के साक्षरता ही सात वर्षं आणि त्यावरच्यांची आहे.

इथेच 'जन्मदर' आणि 'जननदर' यांचा घोळ होतो. नावं सारखी, पण एकूण जननदरात हजार नाहीतच. सध्याचा कल टिकला तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, हे तो सांगतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा तो आकडा १.३ आला. पिढीची जागा पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतो.

लिंग गुणोत्तराला काही जण 'लिंग प्रमाण' लिहितात. मी गुणोत्तराच्याच बाजूचा, कारण तिथे भागाची तुलना दुसऱ्या भागाशी आहे, पूर्णाशी नाही. २०११मध्ये गोव्यात ७,३९,१४० पुरुष आणि ७,१९,४०५ स्त्रिया होत्या. स्त्रियांना पुरुषांनी भागून हजाराने गुणलं की ९७३, हे गुणोत्तर. त्याच स्त्रियांना एकूण लोकसंख्येने भागलं की ४९.३ टक्के, याला प्रमाण म्हणा. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यांत हे उलटं असतं, शंभर स्त्रियांमागे पुरुष. तिथला १०५ बघून स्त्रिया जास्त आहेत असं समजू नये.

आता गोव्यातल्या मुलांना ज्याचं नवल वाटावं ते. पोर्तुगीजांनी १९६० साली केलेली शेवटची गणती आपल्या तक्त्यांत १९६१ म्हणून येते. तिच्यात गोव्याचं गुणोत्तर १०६६ होतं, म्हणजे हजार पुरुषांमागे ६६ स्त्रिया जास्त. कर्ते पुरुष मुंबईला, बोटीवर, आफ्रिकेत कामाला. घरी आई, बायको, बहिणी. मुक्तीनंतर सरकारी कचेऱ्या, खाणी, बांधकामं वाढली. बाहेरून माणसं येऊ लागली, आणि त्यांत पुरुष अधिक. १९७१मध्ये आकडा ९८१वर आला. दहा वर्षांत इतका फरक जन्ममृत्यूने होत नाही, तो स्थलांतराने होतो. म्हणूनच लोकसंख्येत बदल घडवणाऱ्या तीन गोष्टी पाठ करून घेतात: जन्म, मृत्यू, स्थलांतर. गोव्याच्या बाबतीत मी तिसरी आधी शिकवीन.

वाढीच्या दराबद्दलही एक गैरसमज ठरलेला. १९६१ ते ७१ या दशकात गोव्याची लोकसंख्या ५,८९,९९७वरून ७,९५,१२० झाली, म्हणजे शेकडा ३४.७७ वाढ. २००१ ते ११मध्ये वाढ फक्त ८.२३ टक्के. हे वाचून मुलं लिहितात, 'गोव्याची लोकसंख्या कमी झाली.' कमी कुठली? त्या दशकातही १,१०,८७७ माणसं वाढलीच. घटला तो वाढीचा दर. गाडीचा वेग कमी झाला तरी ती पुढेच जाते, हे आठवीच्या मुलाला सांगावं लागत नाही. लोकसंख्येच्या तक्त्यात मात्र त्याची गल्लत होते. आणि हा दर दहा वर्षांचा आहे, वर्षाचा नव्हे. ८.२३ला जन्मदराशेजारी ठेवून तुलना करायची तर आधी शेकड्याचे हजार आणि दशकाचं वर्ष करून घ्यावं लागेल.

'जनगणना' हा शब्द तुलनेने नवा. जुन्या मराठीत 'खानेसुमारी' होता, तोही फारसीच: खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. घरांची मोजणी. आजही आधी घरांची यादी होते, मग माणसं मोजतात, त्यामुळे जुना शब्द अजून खोटा पडलेला नाही. 'शिरगणती'ही होता, त्यातलं शिर आणि 'दरडोई'तली डोई एकच.

लेखनाबद्दल थोडं. दररोज, दरमहा, दरडोई जोडून लिहावं. 'दर हजारी', 'दर चौरस किलोमीटर' सुटं. आणि 'मृत्यू' एकटा असताना दीर्घ, पण 'मृत्युदर'मध्ये 'त्यु' ऱ्हस्व, कारण तत्सम शब्द समासात आधी आला की त्याचा शेवटचा इकार-उकार मूळ संस्कृतासारखा ऱ्हस्वच राहतो. वर्तमानपत्रांत 'मृत्यूदर' बऱ्याचदा दिसतं. मुलाने तसं लिहिलं तर गुण कापू नयेत, लाल पेनाने खूण मात्र जरूर करावी.