वर्णानुक्रमे लावलेली यादी वेबपानावर उभ्या स्तंभांत कशी मांडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्णानुक्रमे लावलेल्या नावांची एक यादी चार स्तंभांत दाखवायची आहे, पण प्रत्येक घटक डावीकडे फ्लोट केल्यामुळे, म्हणजे डाव्या बाजूने शेजारी-शेजारी लावल्यामुळे, क्रम आडवा जातो. तो उभा व्हावा म्हणून सर्व्हरवर यादीचे चार तुकडे करावेत की घटकांची जागा बदलावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या दोहोंपैकी काहीही करू नये. मार्कअपमध्ये, म्हणजे पानाच्या एचटीएमएल मजकुरात, यादी एकच आणि योग्य क्रमाने असावी, आणि ती स्तंभांत कशी तोडायची हे काम स्टाइलशीटकडे, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसकडे, सोपवावे. (गुणधर्मांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहावी लागतील.)

क्रम उभा असावा, हा आपला आग्रह योग्यच आहे. वर्णानुक्रमे लावलेल्या यादीत वाचक एखादे ठरावीक नाव शोधत असतो, आणि त्याची नजर शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून वरून खाली सरकत जाते. ही अक्षरे एकाखाली एक असली की नजर चटकन योग्य जागी थांबते. आडव्या क्रमात प्रत्येक नावानंतर तिला पुढच्या स्तंभाच्या काठापर्यंत उडी घ्यावी लागते. छापील पुस्तकांच्या सूचीतही नोंदी उभ्याच लावतात. याउलट महत्त्वानुसार लावलेल्या छायाचित्रांना किंवा कार्डांना आडवी मांडणीच शोभते, कारण तेथे पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची असते.

आता घटकांची जागा बदलण्याचा मार्ग का टाळावा, ते एका छोट्या उदाहरणावरून पाहू. क, ख, ग, घ, च, छ, ज, झ, ट, ठ असे दहा घटक चार स्तंभांत उभे लावले, तर पहिल्या स्तंभात क ख ग, दुसऱ्यात घ च छ, तिसऱ्यात ज झ ट आणि चौथ्यात एकटा ठ येतो. फ्लोट तसेच ठेवून हे दृश्य मिळवायचे, तर मार्कअपमध्ये क, घ, ज, ठ, ख, च, झ, ग, छ, ट असा क्रम लिहावा लागेल. तरीही पान बिघडेलच, कारण दुसऱ्या ओळीत झ नंतरची चौथी जागा मोकळी आहे आणि ग तेथे जाऊन बसेल. त्याला अडवायला रिकामा घटक घालावा लागेल. पडदा अरुंद होऊन तीनच स्तंभ मावले, तर पहिल्या ओळीत क घ ज आणि दुसऱ्या ओळीत ठ ख च असे दिसेल, म्हणजे क्रम उभाही राहणार नाही आणि आडवाही. शिवाय स्क्रीन रीडर (अंध वाचकांना पान वाचून दाखवणारा प्रोग्राम) आणि टॅब कळ पडद्यावरचे स्थान पाहत नाहीत, तर मार्कअपमधल्या क्रमाने चालतात. स्टाइलशीटमधल्या ऑर्डर या गुणधर्मालाही हाच आक्षेप लागू होतो, कारण तो फक्त दृश्य क्रम बदलतो. अर्थपूर्ण क्रम यंत्रालाही कळावा, ही २००८ सालच्या डब्ल्यूसीएजी २.० या सुगम्यता-मानकातील १.३.२ क्रमांकाची अपेक्षा आहे आणि ती सर्वांत प्राथमिक पातळीची आहे.

चार तुकडे करण्याचा मार्ग त्या मानाने कमी घातक आहे, परंतु त्यात एका यादीच्या चार याद्या होतात. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला एकूण घटक किती हे एकदाच कळण्याऐवजी चार वेगळ्या याद्या ऐकू येतात, आणि स्तंभांची संख्या सर्व्हरवरच ठरून गेल्यामुळे पडद्याच्या रुंदीप्रमाणे ती बदलता येत नाही.

आपल्या कामाला सर्वांत योग्य साधन म्हणजे बहुस्तंभ मांडणी. यादीच्या मूळ घटकाला, म्हणजे सगळी यादी ज्यात असते त्या यूएलला, कॉलम्स हा गुणधर्म देऊन त्यात ४ आणि १२ईएम अशा दोन किमती लिहाव्यात. यातील ४ ही स्तंभांची कमाल संख्या असते आणि १२ईएम ही प्रत्येक स्तंभाची अपेक्षित किमान रुंदी (ईएम हे अक्षराच्या आकारावरून ठरणारे एकक आहे). ब्राउझर उपलब्ध रुंदीत स्तंभांमधले अंतर मिळवतो, त्या बेरजेला स्तंभाची रुंदी अधिक अंतर यांनी भागतो, आणि भागाकाराचा पूर्णांक चारपेक्षा कमी असेल तर तितकेच स्तंभ पाडतो. समजा, स्तंभाची रुंदी १८० पिक्सेल आणि अंतर ३० पिक्सेल असेल, तर ६०० पिक्सेलच्या जागेत तीन स्तंभ बसतात, ३९० मध्ये दोन, आणि त्याहून अरुंद जागेत एकच. त्यासाठी मीडिया क्वेरी, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम, लिहावी लागत नाही. मी रुंदी ईएममध्ये देतो, कारण यादीचा अक्षर-आकार वाढला की स्तंभ आपोआप कमी होतात आणि नावे कोंबली जात नाहीत. हे गुणधर्म २०१७ सालापासून सर्व प्रमुख ब्राउझरांमध्ये उपसर्गाशिवाय (गुणधर्माच्या नावाआधी ब्राउझरची खूण न लावता) चालत आले आहेत, त्यामुळे जुन्या उपसर्गांची आता गरज नाही.

या मांडणीत दोन गोष्टी हमखास त्रास देतात. एखादे लांब नाव दोन ओळींत मोडले आणि नेमके स्तंभाच्या तळाशी आले, तर त्याची पहिली ओळ एका स्तंभात आणि दुसरी पुढच्या स्तंभाच्या माथ्यावर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक एलआय घटकाला, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीला, ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड द्यावे. दुसरी अडचण अशी की घटकांना वरच्या बाजूने मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिलेले असेल, तर पहिल्या स्तंभाच्या माथ्यावर ते टिकते आणि पुढच्या स्तंभांच्या माथ्यावर गळून पडते, त्यामुळे पहिला स्तंभ इतरांपेक्षा किंचित खाली सरकलेला दिसतो. मार्जिन फक्त खालच्या बाजूने दिले की स्तंभांचे माथे एका रेषेत येतात.

स्तंभ समतोल करताना ब्राउझर सर्व घटक मावतील इतकी कमीत कमी उंची शोधतो. नऊ सारख्या उंचीचे घटक चार स्तंभांत टाकले, तर तीन घटकांच्या उंचीत तीनच स्तंभ भरतात आणि चौथा रिकामा राहतो. हा ब्राउझरचा दोष नाही. तरीही ३, २, २, २ अशीच विभागणी हवी असेल, तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या स्तंभाच्या पहिल्या घटकाला ब्रेक-बिफोर: कॉलम देता येते, पण मग यादी बदलली किंवा स्तंभ कमी झाले की ते घटक नव्याने ठरवावे लागतात. मला हा खटाटोप अनावश्यक वाटतो.

ग्रिडचा, म्हणजे ओळी आणि स्तंभांच्या चौकटीत घटक बसवणाऱ्या सीएसएस मांडणीचा, विचार एकाच परिस्थितीत करावा: शेजारच्या स्तंभांतील ओळी एकमेकींशी समपातळीत राहिल्याच पाहिजेत, अशी गरज असेल तेव्हा. ग्रिड-ऑटो-फ्लो: कॉलम दिल्यावर घटक उभे भरत जातात, परंतु ओळी किती हे आधी सांगावे लागते. एकूण घटकांना स्तंभांच्या संख्येने भागून पूर्णांक वर न्यावा. २६ घटक आणि चार स्तंभ असतील, तर ७ ओळी लागतात आणि शेवटच्या स्तंभात ५ घटक येतात. ही संख्या प्रत्येक रुंदीसाठी वेगळी असते, आणि ती बदलली नाही तर अरुंद पडद्यावर यादी उजवीकडे पानाबाहेर जाते. उभ्या दिशेच्या फ्लेक्सबॉक्सला (घटक एका दिशेने लावणाऱ्या सीएसएस मांडणीला) तर ठरावीक उंचीच द्यावी लागते. ती नसेल तर सगळे घटक एकाच स्तंभात राहतात.

मांडणीच्या आधी क्रमही तपासून घ्यावा. जावास्क्रिप्टची सॉर्ट ही पद्धत, वेगळे काही सांगितले नाही तर, अक्षरांच्या संकेतांकांवरून तुलना करते, आणि युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ह नंतर येते. मराठी नावे असतील, तर तुलनेसाठी इंटल कोलेटर हे जावास्क्रिप्टमधले भाषेनुसार क्रम लावणारे साधन वापरून त्याला मराठीचा एमआर हा भाषासंकेत द्यावा.

शेवटी यादीच्या लांबीविषयी. स्तंभ पडद्याच्या उंचीपेक्षा लांब झाले, तर वाचकाला एका स्तंभाच्या तळापर्यंत जाऊन पुन्हा माथ्यावर परत यावे लागते, आणि उभ्या क्रमाचा सारा फायदा तेथे संपतो. अशा वेळी प्रत्येक आद्याक्षराचे शीर्षक करून त्याखाली त्या अक्षराची स्वतंत्र यादी ठेवावी आणि बहुस्तंभ मांडणी त्या प्रत्येक यादीला वेगळी द्यावी. येथे अनेक याद्या होतात, पण प्रत्येक यादी अर्थाने स्वतंत्र असते, आणि स्क्रीन रीडर वापरणारा वाचकही शीर्षकांवरून थेट हव्या त्या अक्षरापाशी पोहोचू शकतो.