वाचकांचे प्रश्न: बिटकॉइन स्वतःच्या ताब्यात ठेवताना

प्रश्न: खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजवरचे बिटकॉइन हार्डवेअर वॉलेटवर (किल्ली सांभाळणारं छोटं उपकरण) न्यायचे आहेत. त्या उपकरणाने दिलेले १२ शब्द (वॉलेटची मूळ किल्ली) वहीत मराठीत उतरवून ठेवलेत. आता सगळे एकदम पाठवू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: थांबा. आधी ते शब्द रोमन लिपीत, १ ते १२ क्रमांक घालून पुन्हा लिहा. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या इंग्रजी यादीतले असतात आणि त्या यादीत ‘राइट’ असा उच्चार होणारे दोन शब्द आहेत: एक ‘बरोबर’ या अर्थाचा, दुसरा ‘लिहिणे’ या अर्थाचा. ‘पीस’चीही तीच गत, एक शांततेचा आणि एक तुकड्याचा. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार! प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं मात्र वेगळी असतात, त्यामुळे तेवढी स्वच्छ वाचता आली तरी भागतं. हे शब्द उपकरणाच्या डब्यात आधीच छापून आले असतील, तर ते उपकरण वापरूच नका. ते शब्द दुसऱ्या कोणाकडे तरी आहेतच.

मग रंगीत तालीम करा. वॉलेटचा पहिला पत्ता (पैसे घेण्यासाठीची अक्षर-अंकांची ओळ) टिपून घ्या, उपकरणातली सगळी माहिती पुसा आणि कागदावरचे शब्द घालून पुन्हा उभं करा. तोच पत्ता आला, तर कागद बरोबर आहे. वॉलेट रिकामं असतानाच हे करायचं. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

त्यानंतर थोडी रक्कम पाठवा. नेटवर्क ‘बिटकॉइन’च निवडा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात, म्हणून एक्स्चेंजच्या पानावरचा पत्ता उपकरणाच्या पडद्यावरच्या पत्त्याशी पूर्ण ताडून पाहा, नुसती टोकं नकोत. सहा कन्फर्मेशन्स (व्यवहार पक्का झाल्याच्या नोंदी) मिळायला साधारण तासभर लागतो. मग उरलेले एकदम पाठवा. दर आठवड्याला चिमूटभर काढत बसू नका. आलेली प्रत्येक रक्कम वॉलेटमध्ये वेगळा तुकडा म्हणून राहते, आणि पुढे खर्च करताना असा प्रत्येक तुकडा व्यवहारात सुमारे ६८ व्हर्च्युअल बाइट (व्यवहाराचा आकार मोजायचं एकक) जागा खातो. फी या जागेवर ठरते. अशा एका बाइटला २० सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) दर असेल, तर एका तुकड्यामागे १,३६० सातोशी फी गेली. २,००० सातोशींच्या तुकड्यातून मग उरतं काय?

प्रश्न: फोन बिघडला. शब्द नव्या अ‍ॅपमध्ये टाकले, तर शिल्लक शून्य! पैसे गेले का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: बहुधा नाही. जुना पत्ता ब्लॉक एक्सप्लोररवर (बिटकॉइनचे सगळे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) टाकून बघा. नाणी तिथेच दिसली, तर चूक अ‍ॅपच्या मांडणीत आहे. पत्ता ‘बीसी१क्यू’ने सुरू होत असेल, तर डेरिव्हेशन पाथचा (शब्दांपासून पत्ते काढण्याची ठरलेली वाट) पहिला आकडा सहसा ८४ असतो, ‘बीसी१पी’ला ८६, ३ ला ४९ आणि १ ला ४४. नवं अ‍ॅप दुसऱ्याच वाटेवर शोधत असेल, तर शून्यच दाखवणार. पूर्वी पासफ्रेज (१२ शब्दांच्या जोडीला स्वतः ठरवलेला जादा परवलीचा शब्द) लावली होती का, तेही आठवा. चुकीच्या पासफ्रेजला वॉलेट ‘चूक’ म्हणत नाही, निमूट दुसरंच रिकामं वॉलेट उघडतं. १२ शब्दांतला एखादा चुकला, तर सोळापैकी पंधरा वेळा अ‍ॅप अडवतं. सोळाव्या वेळी पुन्हा तसंच दुसरं रिकामं वॉलेट.

‘वॉलेट सोडवून देतो, शब्द पाठवा’ असा मेसेज आला, तर तो चोराचा. शब्द ज्याच्याकडे, पैसे त्याचे.

प्रश्न: सुरक्षिततेसाठी सहा शब्द माझ्याकडे आणि सहा भावाकडे ठेवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नको. कोणताही एक कागद गेला की सगळं गेलं, आणि एक अर्धा चोराच्या हाती लागला, तर उरलेले शब्द शोधणं त्याला कितीतरी सोपं होतं. पूर्ण १२ शब्दांच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या घरांत ठेवा. एक स्टीलच्या पट्टीवर कोरलेली असली, तर आगीपाण्याचीही भीती नाही. मृत्युपत्रात शब्द लिहू नका, ते बऱ्याच हातांतून फिरतं. त्यात फक्त प्रत कुठे आहे ते लिहा. वॉलेटचं नाव, पत्त्याचा प्रकार आणि पासफ्रेज असेल तर तिची जागा, हा कागद वेगळा.

प्रश्न: स्वतःच्या वॉलेटवर नेलं की कर लागतो का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: नाही, ती विक्री नव्हे. विकल्यावर नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. वजावट फक्त खरेदी किमतीची. म्हणून खरेदीचे तपशील एक्स्चेंजवरून आजच उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर ती किंमत सिद्ध करणं जड जातं.