मीटिंगमध्ये गप्प बसू नकोस

प्रिय पुता,

तुझं पत्र पोचलं. सकाळच्या मीटिंगमध्ये तू बोलायला लागलास की साहेब तुझ्या गोव्याकडच्या मराठीचा कोकणी हेल काढून दाखवतात, शेवटचा स्वर ताणून ‘होय मरे’ म्हणतात आणि सगळं टेबल हसतं, हे वाचून संताप आला. पण त्याहून जास्त खटकलं ते तू जाता जाता लिहिलेलं वाक्य: ‘आता मी मीटिंगमध्ये काही बोलतच नाही, जे असेल ते मेलवर टाकतो.’

वेर्ण्याच्या कारखान्यांत कर्मचारी विभागात माझी सगळी नोकरी झाली. अप्रेझलचे, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचे, फॉर्म माझ्या टेबलावरून जायचे. ‘काम चोख आहे, पण पुढाकार घेत नाही’ हा शेरा मी इतक्यांदा वाचलाय की वाचताक्षणी शंका यायची, या मुलाला कुणी गप्प केलंय का? तो का गप्प झाला यासाठी फॉर्मवर रकाना नसतो. तू मेलवर पाठवलेला मुद्दा दुसरा कुणीतरी मीटिंगमध्ये तोंडी मांडतो आणि तो त्याच्या नावावर जमा होतो. साहेबांच्या चेष्टेने तुझं मन दुखलं, ते भरून येईल. गप्प बसून तुझं जे नुकसान होतंय ते मात्र वर्षाअखेर पगाराच्या आकड्यात दिसेल. म्हणून बाकी काही जमलं नाही तरी चालेल, बोलणं सोडू नकोस.

आता नक्कल सुरू झाली की करायचं काय? पहिलं म्हणजे हसायचं नाही. तू कसनुसं हसतोस, मला माहीत आहे, सगळेच हसतात. वरिष्ठासमोर तोंड पाडून बसणं बरं दिसत नाही असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण त्या हसण्याचा अर्थ टेबलावर ‘याला चालतं’ असा लागतो. चेहरा कोरा ठेव, हसणं ओसरेपर्यंत थांब आणि जिथे तोडलं गेलं तिथूनच, शक्य तर एखाद्या आकड्यापासून, पुन्हा सुरू कर. ‘तर सर, तिसऱ्या बॅचची अशुद्धता मर्यादेच्या काठावर आहे, सॅम्पल पुन्हा लावायला हवं.’ आवाज चढवू नकोस, घाईही करू नकोस. बॅच अडकण्याची गोष्ट निघाली की हसणारी माणसं आपोआप कागदाकडे बघायला लागतात.

मग त्याच आठवड्यात साहेबांना एकटं गाठ. मीटिंग संपल्या संपल्या नको, तेव्हा दोघांचंही डोकं तापलेलं असतं. शिफ्टचा चार्ज देऊन झाल्यावर, केबिनचं दार लावून, दोन मिनिटं माग. म्हणायचं एवढंच: ‘सर, मीटिंगमध्ये माझ्या बोलण्याची नक्कल होते आणि माझा मुद्दा बाजूला राहतो. ते थांबवा. माझं काही कळलं नाही तर लगेच विचारा, मी परत सांगीन.’ सुरुवातीला ‘सॉरी सर’ जोडू नकोस. ते बहुधा म्हणतील, ‘अरे, मस्करी रे ती, किती मनाला लावून घेतोस!’ त्यावर ‘असेल मस्करी सर, पण मला ती नको आहे’ असं म्हण आणि थांब. पुढची शांतता अवघड जाईल. ती तू भरायची नाहीस.

बरेचसे वरिष्ठ इथेच आवरतात, कारण त्यांना आजवर कुणी तोंडावर सांगितलेलंच नसतं. काही आवरत नाहीत. त्यासाठी एक वही घरी ठेव: तारीख, वेळ, काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत, खोलीत कोण कोण होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही लिहून ठेवू नकोस. मोबाइलवर चोरून रेकॉर्डिंगही नको. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी असेल तर शिक्षा उलट तुलाच होईल. केबिनमधल्या बोलण्यानंतर दोन ओळींचा साधा मेल मात्र जरूर टाक, ‘आज आपलं या विषयावर बोलणं झालं, वेळ दिल्याबद्दल आभार.’ आज तो बिनकामाचा वाटेल, एचआरकडे जायची वेळ आली तर सगळ्यात आधी तोच विचारतील.

एचआरकडे गेलास तर माफी मागू नकोस, म्हणजे त्यांनी तुझी माफी मागावी असा हट्ट धरू नकोस. माफीसाठी माणसं इरेला पेटतात. ‘मीटिंगमधली नक्कल थांबावी आणि माझ्या अप्रेझलवर याचा परिणाम होऊ नये’ एवढीच मागणी लिहून दे. आणि भाबडा राहू नकोस. एचआरचा पगार कंपनी देते. मी त्या खुर्चीत बसून आलेली बाई आहे, म्हणून सांगते.

कायद्याचं विचारलंस. बोलीची थट्टा केली म्हणून खाजगी कंपनीतल्या वरिष्ठाला थेट पकडेल असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. घटनेच्या कलम १६ मध्ये सरकारी नोकरीपुरता जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई आहे, पण त्या यादीत भाषा नाही. थट्टेचं वळण बदललं की मात्र गोष्ट वेगळी. ‘कुठल्या वाड्यावरचा रे तू?’ असं विचारून आडनावावर घसरणं, हे आपल्याकडे हेलाच्या चेष्टेच्या पाठोपाठच येतं. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना गोव्यात २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून मुद्दाम अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. आणि तू लिहिलंस त्या पॅकिंगमधल्या मुलीच्या बोलण्याची नक्कल करताना चावट सूर लागत असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. तिला हे माहीत नसेल, तू सांग. जायचं की नाही ते तिचं तिला ठरवू दे.

साहेब एकदा म्हणाले, ‘हे काय मराठी आहे का?’ पुता, या प्रश्नाला उत्तर द्यायच्या फंदात पडू नकोस. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, या १९६७ च्या जनमत कौलाच्या काळात गोव्यात घराघरांत भांडणं झाली. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामकाजात जागा मिळाली, १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात गेली. तरी वाद संपलेला नाही. तो विषय तू कॅन्टीनमध्ये काढलास की डिपार्टमेंटची दोन टोकं होतील आणि साहेब मजेत बाजूला बसतील. वाळपईच्या मराठी शाळेत शिकलेला, घरी कोकणी बोलणारा मुलगा मराठी बोलणार तर ती अशीच बोलणार.

साहेब पुण्याचे आहेत यालाही फार अर्थ देऊ नकोस. गोव्यातल्या गोव्यात सासष्टीतल्या माणसाने पेडण्याच्या बोलण्याची टर उडवलेली मी ऐकली आहे, आणि फोंड्याच्यांनी दोघांचीही. साहेब मालवणी नाटकाची तिकिटं काढून हसायला जात असतील, त्याला माझी ना नाही. मच्छिंद्र कांबळींनी मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर नेली तेव्हा सगळा महाराष्ट्र हसला, पण तिथे विनोदाची दोरी त्यांच्या स्वतःच्या हातात होती. तुमच्या मीटिंगमध्ये ती तुझ्या हातात नाही, एवढाच फरक आहे आणि तो पुरेसा आहे.

एक अवघड प्रश्न मीही विचारते. तुमच्या कॅन्टीनमध्ये ओडिशाचे, बिहारचे कंत्राटी कामगार असतीलच. त्यांच्या हिंदीची नक्कल कोण करतं? ‘घाटी’ हा शब्द तुमच्या टेबलावर किती सहज येतो? तू स्वतः करत नसशील, पण हसतोस का, ते बघ. तिथे हसलास तर केबिनमध्ये वर सांगितलेलं वाक्य तुझ्या तोंडून ठाम निघणार नाही.

राहिला क्लासचा विषय. पणजीत पैसे भरून ‘शुद्ध उच्चार’ शिकावे का, असं विचारलंस. साहेबांसाठी असेल तर एक रुपयाही घालवू नकोस, त्यांना उद्या दुसरं काहीतरी सापडेल. समोरच्याला कळावं म्हणून थोडी काळजी घेणं वेगळं. तू घाबरलास की भरभर बोलतोस आणि वाक्याची शेपटी गिळतोस, लहानपणापासूनची सवय आहे तुझी. तेवढी सोड. ‘फाल्यां रिलीज करतां’, म्हणजे उद्या करतो, असं म्हटलंस तर बाहेरून आलेल्याला दिवस कळत नाही, तिथे सरळ तारीख सांग. परदेशी ऑडिटर यायचे असतील तर इंग्रजी सावकाश बोलायचा सराव आरशासमोर नको, जोडीदार घेऊन कर. सूर आहे तसा राहू दे.

आणि तापल्या डोक्याने राजीनामा टाकू नकोस. कुंडईत, पिसुर्ल्यात, डिचोलीत विचारपूस सुरू ठेव, पण हातात पत्र आल्याशिवाय ही नोकरी सोडायची नाही. एवढं सगळं करूनही पुढच्या अप्रेझलमध्ये ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा आला, तर मग थांबण्यात अर्थ नाही, नवीन जागा बघच.

साहेबांना पाठवायचा मेल आधी मला दाखव. रात्री आठनंतर फोन कर, संध्याकाळी मी भजनाला असते.

तुझी,
मावशी