हिमहॉकी, बर्फहॉकी की आइस हॉकी?

नाशिकच्या एका शाळेतल्या क्रीडाशिक्षिकांनी विचारलं आहे: हिवाळी खेळांवरच्या भित्तिपत्रकात मुलांनी ‘हिमहॉकी’ लिहिलं, मराठीच्या बाईंनी ते खोडून ‘बर्फहॉकी’ केलं. बरोबर काय? आणि ‘पक’ला, म्हणजे या खेळात चेंडूऐवजी असलेल्या सपाट गोल वस्तूला, मराठीत काय म्हणायचं? ‘हॅटट्रिक’ शब्द कुठून आला?

बाईंची दुरुस्ती योग्य दिशेने आहे. ‘हिम’ हा शब्द मराठीत निसर्गाच्या मोठ्या, माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टींना चिकटतो: हिमालय, हिमनदी, हिमनग, हिमवर्षाव. माणूस वापरतो, विकतो, फोडतो तो बर्फ. लादी बर्फाची, कारखाना बर्फाचा, गाडीवरचा गोळाही बर्फाचाच. रिंकमध्ये, म्हणजे खेळासाठी तयार केलेल्या बर्फाच्या मैदानात, जमिनीखालच्या नळ्यांतून थंड द्रव फिरवून पाण्याचा थर गोठवतात. त्याला हिम म्हणणं कानाला खटकतं. खरं तर ‘हिम’ आपल्या रोजच्या बोलण्यात वेगळ्याच रूपात रुळला आहे. हिवाळा, हिवताप, अंगात हिंव भरणं हे सगळे त्याचेच वंशज. निफाडचा पारा उतरतो तेव्हा द्राक्षबागेत दव गोठतं. त्यावर कुणी ‘हिम जमलं’ म्हणत नाही.

पण ‘बर्फहॉकी’सुद्धा मी लिहिणार नाही. असा जोडशब्द कुणी बोलत नाही, आणि समजावून सांगायचंच असेल तर ‘बर्फावरची हॉकी’ हे सरळ मराठी आहे. फ्रेंच लोक असंच म्हणतात. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1908 मध्ये पॅरिसला स्थापन झाली, तेव्हा तिच्या फ्रेंच नावातही ‘बर्फावरची हॉकी’च होती. मथळ्यात ‘आइस हॉकी’ आणि पहिल्या वाक्यात एकदा ‘बर्फावरची हॉकी’ एवढं पुरे.

‘आइस’ गाळून मात्र चालणार नाही. आपल्याकडे नुसती ‘हॉकी’ म्हटली की मैदान, ध्यानचंद आणि ऑलिंपिकची सुवर्णपदकं डोळ्यांसमोर येतात. मराठीत तर काठीलाही हॉकीच म्हणतात. कॅनडात नेमकं उलट आहे. तिथे हॉकी म्हणजे बर्फावरचीच, मैदानी खेळाला वेगळं विशेषण लावावं लागतं. मॉन्ट्रियलला 1917 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीगच्या नावात ‘आइस’ नाही, कारण गरजच नव्हती. त्या देशात हा खेळ किती मुरला आहे ते यावरून कळतं. 1994 मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून आइस हॉकीला हिवाळी राष्ट्रीय खेळ ठरवलं. उन्हाळी राष्ट्रीय खेळाचा मान लॅक्रोसला, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलून फेकण्याच्या खेळाला, मिळाला.

आता पक. याची गोष्ट मला फार आवडते. 3 मार्च 1875 रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छपराखालचा पहिला सुसंघटित सामना झाला, एका बाजूला नऊ खेळाडू. चेंडू उडून प्रेक्षकांना लागेल अशी भीती होती. म्हणून आधीच वर्तमानपत्रात जाहीर करण्यात आलं, की चेंडूऐवजी लाकडाचा सपाट गोल तुकडा वापरणार, तो बर्फावरून सुटणार नाही. म्हणजे या वस्तूचा जन्मच ‘चेंडू नको’ म्हणून झाला. काही मराठी बातम्यांत ‘चेंडू गोलपोस्टमध्ये’ असं सर्रास येतं, ते यासाठी चुकीचं आहे. आजचा पक कठीण रबराचा असतो, तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा. सामन्याआधी तो गोठवून ठेवतात, म्हणजे बर्फावर टप्पे न खाता सरळ घसरतो.

हुबेहूब मराठी शब्द हवा असेल तर ‘चकती’ आहेच, भित्तिपत्रकातल्या चित्राखाली ‘रबरी चकती (पक)’ असं लिहावं. पुढे मजकुरात पकच ठेवा. ‘चकतीने गोल केला’ वाचताना खेळ दिसत नाही, स्वयंपाकघरातली काकडी दिसते. लिंग पुल्लिंगी धरा: पक घसरला, पक अडवला. ‘स्टिक’ स्त्रीलिंगी रुळली आहेच. स्केट्सबाबत मात्र फरक स्पष्ट लिहा. आपल्या मुलांच्या पायात दिसतात ते चाकांचे स्केट्स, आइस हॉकीत पात्यांचे. नाहीतर वाचणारी मुलं रोलर हॉकी समजतील.

‘हॅटट्रिक’चंही विचारलं आहे. तो शब्द आधी क्रिकेटचा, 1858 मध्ये शेफिल्डला तीन चेंडूंत तीन बळी घेणाऱ्या एच. एच. स्टीफन्सनला टोपी देण्यात आली, तिथून आला असं मानतात. आइस हॉकीने तो उचलला आणि एका खेळाडूने तीन गोल केले की प्रेक्षक खरोखरच्या टोप्या बर्फावर फेकू लागले.

भित्तिपत्रकात एक नोंद मात्र हवीच. 2025 मध्ये अमिरातीतल्या अल ऐनला महिलांच्या आशिया चषकात भारतीय संघाने कांस्यपदक जिंकलं. त्या संघात लडाखच्या मुली बहुसंख्य होत्या. त्या भागात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळतात. मथळा असा चालेल: ‘आइस हॉकीत भारताच्या मुलींना कांस्य’.