स्वस्त बोट आणि फिख्ट इंजिन

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भावाला १९९८ सालचे, फिख्ट इंजेक्शनचे एव्हिनरूड आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे) इंजिन असलेली जुनी बोट स्वस्तात मिळत आहे. या इंजिनांविषयी इतक्या तक्रारी का होत्या?

उत्तर : जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा मोठा भाग न जळताच धुरावाटे बाहेर पडतो. अमेरिकेने १९९६ मध्ये बोटींच्या इंजिनांसाठी प्रदूषणाचे नियम ठरवले, आणि त्याच सुमारास एव्हिनरूड इंजिने बनवणाऱ्या आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनने थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे फिख्ट हे जर्मन तंत्र बाजारात आणले. कल्पना उत्तमच होती. परंतु प्रत्यक्ष वापरात, विशेषतः मधल्या वेगात, मिश्रणात इंधन कमी पडून पिस्टन खराब होण्याचे आणि स्पार्क प्लग काजळण्याचे प्रकार वारंवार घडले. तासन्‌तास संथ चालणे आणि मग अचानक पूर्ण वेग घेणे ही मासेमारीच्या बोटीची रोजची चाल असते, आणि त्या चालीवर पुरेशी चाचणी होण्याआधीच इंजिन विकले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. भर समुद्रात इंजिन बंद पडणे म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून ही घाई मला अक्षम्य वाटते. पुढे सुधारणा झाल्या, तरी डिसेंबर २००० मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

भावाने प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावे आणि सुधारणा केल्याची कागदपत्रे मागावीत. ती नसतील, तर बोट घेऊ नये.