पातं अडकलं तर आधी काय सुटणार?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत बफेलो शहराबाहेर राहतो. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत त्याची दोनशे फूट खडीची वाट आहे आणि हिवाळ्यात ती रोज मोकळी करावी लागते. त्याच्याकडे २५ एचपीचा छोटा फोर-व्हील ट्रॅक्टर आहे, त्याला पुढे लोडर आहे, म्हणजे माती-खत उचलायची बकेट आणि ती धरणारे दोन आर्म. आता त्याने पिकअप गाडीला लावायचं बर्फ सारायचं जुनं पातं स्वस्तात घेऊन ठेवलंय, साडेसात फुटी. मी ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो. नोव्हेंबरात तिकडे जाणार आहे, तेव्हा हे काम मीच करीन असं त्याला सांगून बसलोय. बकेट काढून त्या जागी पातं थेट वेल्ड मारून बसवू का? पात्याबरोबर आलेला बॅटरीवरचा पंप वापरू की ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक? आणि लोडरला हे झेपेल का? — एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काका, तुमच्या पत्रातल्या ‘थेट वेल्ड मारून’ या शब्दांपाशी मी अडकलो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंधरा वर्षांपूर्वी दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराला मी असंच पातं बसवून दिलं होतं. छोटा ट्रॅक्टर, पुढे लोडर, बकेट काढली आणि सहा फुटी पातं जाड चॅनेलवर सरळ वेल्ड मारून टाकलं. काम दिसायला देखणं झालं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी अंबडच्या माझ्या वर्कशॉपमधून गेलो तर ट्रॅक्टर बागेच्या कडेला तसाच उभा. शेणखताचा ढीग सारताना पात्याचं उजवं टोक मांडवाच्या अँगलच्या काँक्रीटमध्ये अडकलं होतं. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये, वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. तरी बकेट फिरवणाऱ्या उजव्या जॅकचा, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडरचा, रॉड असा वाकला होता की तो परत नळीत जाईना, आणि सीलमधून तेल थेंब थेंब पात्यावर पडत होतं. पातं उचलून पाहिलं तर एक आर्म दुसऱ्यापेक्षा दोन बोटं वर. वेल्ड मात्र शाबूत. माझ्या वेल्डिंगला तडासुद्धा गेला नव्हता, आणि नुकसान त्यामुळेच झालं होतं. जिथे सुटायला हवं होतं तिथे सुटलं नाही, म्हणून जोर पुढे लोडरवर गेला. त्या जॅकचा आणि आर्मचा खर्च मी भरला. तेव्हापासून पातं बसवायच्या आधी मी एकच गोष्ट ठरवतो : हे अडकलं तर आधी काय सुटणार?

लोडर हा उचलायसाठी बनवलेला असतो. समोरून येणारा जोर तो बराच सोसतो, पण एका कुशीवरून आलेला जोर सोसत नाही. दाराला बिजागरीजवळ ढकलून बघा आणि मग कडीजवळ ढकलून बघा, लहान पोरसुद्धा कडीजवळ एका बोटाने दार हलवतं. तुमचं साडेसात फुटी पातं म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्हीकडे पावणेचार फुटांची कडी. त्यात गाडीच्या पात्याला मागे त्रिकोणी ए-फ्रेम असते, म्हणजे पातं लोडरच्या प्लेटपासून आणखी अडीच-तीन फूट पुढे जातं. टोकाला दगड लागला की एक आर्म मागे रेटला जातो आणि दुसरा पुढे ओढला जातो.

आता तुमच्या बाजूची गोष्ट. तुम्ही घेतलेलं पातं या बाबतीत माझ्या पात्यापेक्षा कितीतरी शहाणं आहे. गाडीच्या पात्याच्या मागे मोठ्या स्प्रिंगा असतील. काहींत अडथळा लागला की अख्खं पातं पुढे कलंडतं आणि अडथळ्यावरून निघून जातं. काहींत फक्त खालची धार बिजागरीवर मागे दुमडते. रस्त्यावर गाडी जोरात असताना मॅनहोलचं झाकण लागलं तरी ड्रायव्हरचं डोकं काचेवर आपटू नये, यासाठी ती सोय आहे. ही स्प्रिंग म्हणजे तुमचं पहिलं सुटणं. मात्र ती दोन-अडीच टनांच्या गाडीच्या हिशेबाने ताणलेली असते. तुमचा ट्रॅक्टर त्याच्या निम्म्याहूनही हलका. म्हणून ताण कमी करावा लागेल. किती, ते असं बघा : अंगणात एक लाकडी ओंडका घट्ट रोवा, सगळ्यात हळू गिअरमध्ये पातं त्याला टेकवा आणि रेटा. मागची चाकं घसरायच्या आत पातं कलंडलं पाहिजे. पण नुसत्या बर्फाच्या ढिगाने कलंडत असेल तर ताण फार उतरला. आणि काका, स्प्रिंग काढायची असेल तर आयबोल्टचा नट पूर्ण सैल करून ताण शून्यावर आल्याशिवाय हुकातून काढू नका. तुम्ही फिटर आहात, तरीही सांगतो.

दुसरं सुटणं तेलातून. पातं डावी-उजवीकडे तिरकं करायला दोन जॅक असतात आणि ते बहुतेक एकतर्फी असतात, म्हणजे तेलाने फक्त बाहेर येतात. एक बाहेर आला की पात्यामुळे दुसरा आत दाबला जातो. यामुळे जोडणी सोपी होते : ट्रॅक्टरच्या एका दुहेरी व्हॉल्व्हचा एक होस एका जॅकला, दुसरा दुसऱ्याला. लिव्हर इकडे केला की हा भरतो आणि तो टाकीत रिकामा होतो. पण लिव्हर मध्ये आणला की दोन्हीकडचं तेल कोंडलं जातं आणि जॅक लोखंडी दांड्यासारखे ताठ होतात. गाडीच्या मूळ पंपात यासाठी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, धक्का बसला की एका जॅकचं तेल दुसऱ्यात जातं आणि पातं हळूच वळतं. ट्रॅक्टरचं तेल वापराल तर ही सोय गळून पडते. म्हणून दोन्ही होसच्या मध्ये क्रॉसओव्हर रिलीफ व्हॉल्व्ह टाकाच, ट्रॅक्टरच्या मुख्य दाबापेक्षा कमी दाबावर उघडणारा. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

तरीही ट्रॅक्टरचंच हायड्रॉलिक वापरा. बॅटरीवरचा पंप मोठा करंट ओढतो, छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर तेवढा भरून देत नाही, आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरी आधीच अर्धमेली असते. पुढे तिसरा व्हॉल्व्ह नसेल तर बकेट फिरवायच्या लाइनवर बटनाचा डायव्हर्टर बसतो : बटन दाबलं की तोच लिव्हर पातं तिरकं करतो. जुन्या जॅकमधलं तेल पूर्ण काढून टाका, ते वेगळ्या जातीचं असतं आणि ट्रॅक्टरच्या तेलात मिसळायला नको. रॉडवर नख फिरवून बघा. गंजाचे खड्डे नखाला लागले तर नवं सील महिनाभरही टिकणार नाही, रॉडला हार्ड क्रोम करून घ्या नाहीतर जॅक बदला.

जोडणीची प्लेट. मुलाला आधी फोन करून विचारा, लोडरला कुठला जोड आहे. स्किड-स्टिअर या छोट्या लोडर यंत्रांचा सर्वमान्य जोड असेल तर त्याची कोरी प्लेट तिकडे तयार मिळते आणि काम निम्मं होतं. काही कंपन्यांचा आपापला हुकाचा जोड असतो, काही जुन्या लोडरना बकेट थेट पिनांवरच असते. वेल्ड या प्लेटवर करा, लोडरच्या आर्मवर एक टाकाही नको. प्लेटला खाली दोन कान काढा आणि ए-फ्रेम त्यात पिनांनी लटकवा. कानांची उंची अशी धरा की पातं जमिनीवर टेकलं असताना ए-फ्रेम जमिनीला समांतर राहील. पिनेचं भोक उभं लांबट ठेवा, थोडं खेळतं, म्हणजे वाट एका बाजूला उतरती असली तरी पातं तिच्यावर बसतं. प्लेटच्या वरच्या टोकापासून ए-फ्रेमच्या पुढच्या टोकापर्यंत साखळी घाला, पातं खाली असताना चार बोटं ढील राहील इतकी. या साखळीत या कामाचा अर्धा जीव आहे. पातं स्वतःच्या वजनाने जमिनीवर चालतं, उंचवटा आला की आपसूक वर येतं, आणि लोडरचं वजन त्याच्यावर बसत नाही. आर्म उचलले की साखळी ताणते आणि पातं उचललं जातं. ताठ जोड करून फ्लोटवर, म्हणजे आर्म मोकळे सोडणाऱ्या लिव्हरच्या जागेवर, भरवसा ठेवाल तर आर्मचा सगळा भार धारेवर येईल आणि खडी उपटली जाईल.

वेल्डिंगला ७०१८ चा कोरडा रॉड, रंग-गंज ग्राइंडरने लोखंड पांढरं दिसेपर्यंत काढलेला. नोव्हेंबरात तिकडे लोखंड बर्फासारखं गार असेल, आधी टॉर्चने हाताला चटका बसेल इतकं तापवून घ्या. ट्रॅक्टरवर जोडलेलं असताना वेल्ड करायचं नाही.

झेपेल का, याचं उत्तर वजनकाट्यावर आहे. या ताकदीचे लोडर पिनेपाशी साधारण तीनशे ते चारशे किलो उचलतात, आणि वजन पिनेच्या जितकं पुढे तितकी ही ताकद कमी. साडेसात फुटी पातं ए-फ्रेमसकट दोनशे किलोंच्या वर जाऊ शकतं. म्हणून गाडीची उचल-फ्रेम, पंप, दिवे, त्यांची ब्रॅकेटं सगळी काढा. उचलायला फार उंच लागतच नाही, वीतभर पुरे.

रुंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : साडेसात फूट या ट्रॅक्टरला जास्त आहे. तीस अंश तिरकं केलं तरी ते साडेसहा फूट वाट साफ करतं आणि ट्रॅक्टर असतो चार-साडेचार फूट रुंद. मी असतो तर मागच्या फासळ्या कुठे येतात ते बघून दोन्हीकडून नऊ-नऊ इंच कापून सहा फूट केलं असतं. तिरकं केल्यावरही चाकांच्या बाहेर थोडं उरतंच, आणि वर म्हटलं ती कडी पावणेचारवरून तीन फुटांवर येते.

बर्फाला हलकं समजू नका. ताजा कोरडा बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो, पण ओला आणि दबलेला तीनशेच्या पुढे जातो. बफेलो लेक इरीच्या काठावर आहे, तळ्यावरून येणारा वारा ओलावा उचलून आणतो आणि काठावर टाकतो. तिथे वर्षाला सरासरी नव्वद इंचांच्या वर बर्फ पडतो. २०२२ च्या नोव्हेंबरात शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात सुमारे ऐंशी इंच पडला. तेव्हा थांबायची वाट न बघता सहा-सहा इंचांना सारायचं. आणि ढिगाला धडक देऊन फोडायचं नाही, त्यासाठी बकेट परत लावायची.

मागे वजन हवंच. ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉइंट जोडाला दोनशे किलोंचं काहीतरी अडकवा, मागच्या टायरना साखळ्या घाला. आपण इथे टायरमध्ये सरळ पाणी भरतो. निफाडला पारा चार-पाचावर आला की आपल्या बागांत शेकोट्या पेटतात, तिकडे तो शून्याखाली दहा अंश जातो. टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचं पाणी किंवा न गोठणारं दुसरं द्रव हवं.

खडीची वाट असल्यामुळे पात्याखालचे दोन्ही बूट, म्हणजे जमिनीवरून घसरणारे टेकू, सुरुवातीला इंचभर खाली काढून धार वर ठेवा. वाट गोठून दगडासारखी झाली की बूट वर घ्या. आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात, जमीन मऊ आहे तोवर, वाटेच्या दोन्ही कडांना दर दहा-बारा फुटांवर उंच काठ्या रोवा. मोऱ्या, झाकणं, मोठे दगड जिथे असतील तिथे वेगळ्या रंगाची. दिंडोरीला त्या काँक्रीटवर शेणखत पसरलेलं होतं, म्हणून दिसलं नाही.

प्लेटचं माप आणि ए-फ्रेमच्या पिनांमधलं अंतर मुलाकडून मागवून घ्या आणि एका संध्याकाळी अंबडला या. जाण्याआधी पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचा साचा काढू, तो गुंडाळून बॅगेत बसतो.

प्रश्न : माझा १८ एचपीचा ट्रॅक्टर आहे, लोडर नाही. जुनं डोझरचं पातं भंगारात मिळतंय. बागेत खत सारायला पुढे बसवून द्याल का? — एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दादा, त्या ट्रॅक्टरला पुढे नको. पुढचा एक्सल त्या वजनाचा नाही, आणि नऊ फुटांच्या ओळीत डोझरचं पातं वळायला जागा ठेवणार नाही. मागे थ्री-पॉइंटला चार-साडेचार फुटी ब्लेड लावा, खत ओढून सारा. पुढेच हवं असेल तर लोडरऐवजी ट्रॅक्टरच्या पोटाखालून मागच्या एक्सलपर्यंत जाणारी सबफ्रेम करावी लागते, म्हणजे जोर पुढच्या चाकांवर न जाता मागे जातो. त्यासाठी ट्रॅक्टर दोन दिवस माझ्याकडे ठेवावा लागेल. ऑक्टोबर छाटणीच्या आधी आणा, नंतर तुम्हालाही वेळ नसतो आणि मलाही.