हाराकेकेच्या पानातला कोळी

प्रश्न: आम्ही ऑकलंडला राहतो. बागेतल्या हाराकेकेचं, म्हणजे इकडच्या फ्लॅक्सचं, एक पान टोकाला दुमडलेलं दिसलं. मुलीने उघडलं तर आत पांढरी रेशमी पिशवी आणि एक फिकट तपकिरी कोळी, जो झटकन पळाला. शेजारी म्हणतात व्हाइट-टेल असेल, स्प्रे मारून टाका. मारू का?
– एक वाचक, ऑकलंड

उत्तर: नका मारू, प्लीज! तुमच्या वर्णनावरून हा सॅक स्पायडर, म्हणजे रेशमी पिशवीत राहणारा कोळी वाटतोय, क्लुबिओना गटातला. व्हाइट-टेल गडद करडा असतो, लांबट, पोटाच्या शेवटाला पांढरा ठिपका, आणि तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. क्लुबिओनाच्या बऱ्याच जाती मात्र खास न्यूझीलंडच्याच आहेत, उदाहरणार्थ क्लुबिओना हटोनी, जिचं वर्णन रे फॉर्स्टर यांनी 1979 मध्ये केलं, हे डनेडिनच्या ओटागो म्युझियमचे डायरेक्टर होते आणि न्यूझीलंडच्या कोळ्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. तुमचा कोळी नेमका हटोनीच का, हे फोटोवरून नाही सांगता येणार, त्यासाठी पूर्ण वाढलेला कोळी मायक्रोस्कोपखाली ठेवून जननेंद्रियांची रचना बघावी लागते.

ती पिशवी म्हणजे शिकारीचं जाळं नाही हं. हा कोळी जाळं विणून वाट बघत बसतच नाही, रात्री पानापानांवर फिरून किडे पकडतो, आणि पायाच्या टोकाला दोन नख्या आणि दाट केसांचा झुपका असतो त्यामुळे गुळगुळीत पानावरही सरसर चढतो. दिवसा झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला पिशवी लागते, मादी तर अंड्यांसोबत आतच राखण करत बसते. म्हणून दुमडलेलं पान उघडणं म्हणजे तिचं घरच मोडणं, हे मुलीला नक्की समजावून सांगा.

चावायचं म्हणाल तर हातात दाबला गेला तर कुठलाही कोळी चावू शकतो, पण न्यूझीलंडच्या मूळच्या कोळ्यांमध्ये खरी काळजी करावी असा एकच, काटीपो, आणि तो समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांत राहतो, शिवाय 2010 पासून त्यालाही कायद्याने संरक्षण आहे. स्प्रेने बागेतले किडे खाणारा फुकटचा पहारेकरी तेवढा जाईल.

पान हलकेच पुन्हा दुमडून ठेवा, आत अंडी असली तर निदान उघडी पडणार नाहीत. आणि मुलीला कोळी बघायचाच असेल तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, तेव्हा तो स्वतःच बाहेर फिरत असतो, काही उघडावं लागत नाही.